पाचच्या आत

लोरेनाने गाडी सुरू केली आणि पाहते तो समोर शेजारचा हॉलिस टॉलिव्हर उभा. चर्चला जायची हॅट, इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातात काठी.

"काउंटीच्या ऑफिसात सोडतेस का, पोरी? मताच्या पाकिटावरची माझी सही जुळत नाही म्हणे. आज पाचच्या आत गेलो नाही, तर मत बाद."

मंगळवारी मतदान झाल्यापासून लोरेना हेच करत हिंडत होती. टपालाने आलेल्या ज्या मतांच्या पाकिटांवरची सही जुळली नव्हती, त्या मतदारांची दारं ठोठावायची आणि त्यांना ऑफिसात पिटाळायचं. अर्थात, फक्त आपल्या पक्षाच्या मतदारांना. हॉलिसच्या कुंपणावर तर अजून विरोधी उमेदवार स्टॅनफिलची पाटी होती.

राज्याच्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाची, निवडणूक नुसती लटकली होती. मोजणी संपत आली तरी फरक दोनशे मतांच्या आत. लोरेनाच्या पक्षाच्या बेनिंगबाई निवडून आल्या, तर राज्याच्या वतीने चाऱ्याचं गवत पिकवणाऱ्या कंपनीवर खटला भरणार होत्या. कंपनीने खोल बोअर मारून सगळ्या खोऱ्याचं पाणी उपसलं आणि जूनमध्ये लोरेनाची बोअर आटली. स्टॅनफिलचं म्हणणं साधं होतं: ज्याची जमीन, त्याचं पाणी. तो आला की खटला विसरा, आणि घरही विसरा. बिनपाण्याचं घर कोण घेणार?

नकार तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण जूनपासून तिच्या घरात जे पाणी होतं, ते हॉलिसच्या बोअरचं. दर शनिवारी म्हातारा स्वतः पाइप ओढत आणून तिची टाकी भरून द्यायचा. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडलेला, तरी डाव्या हाताने.

"बसा, काका," ती म्हणाली.

रस्ताभर दोघंही समोर बघत होते.

"निकाल कधी लागायचा?" हॉलिसने विचारलं.

"सोमवारी."

"तुझी बाई वकील आहे ना? वकिलांनी कधी कुणाला पाणी आणून दिलंय?"

"तुमचा स्टॅनफिलही वकीलच आहे."

"असेल. पण तो बोलतो कमी."

रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी चालली होती, डब्यामागून डबा. लोरेनाने घड्याळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात डब्यांना विनवू लागली, संपू नका. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी विनवणी काही थांबेना.

आणि मालगाडी थांबलीच, नेमकी रस्ता अडवून. इथल्या मालगाड्या अशा थांबल्या, की तासभर हलत नाहीत. लोरेनाचा तर काही दोष नव्हता! तिने इंजिन बंद केलं.

हॉलिसने हॅट काढून मांडीवर ठेवली. "रेल्वेच्या पुलाखालून, कोरड्या ओढ्यातून जाता येतं. पण तुझी गाडी रुतायची वाळूत. जाऊ दे, पोरी. तू आणलंस, हेच पुष्कळ झालं."

हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं. लोरेनाने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि गाडी वळवून ओढ्यात घातली.

ऑफिसात पोचले तेव्हा कारकून दार बंद करायलाच निघाला होता. "पाकिटावरची सही तुमचीच ना?"

"माझीच. हात तेवढा बदललाय."

हॉलिस डाव्या हाताने सही करू लागला, पण कागद सरकत राहिला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. लोरेनाने पुढे होऊन कागदाच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. तो एकेक अक्षर ओढत होता, आणि ती भिंतीकडे बघत उभी होती.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. "आज शनिवार," हॉलिस म्हणाला. ती नको नको म्हणत असतानाच त्याने पाइप ओढत आणला, टाकीच्या तोंडात घातला आणि जाऊन पंप लावला.

पाइप फुसफुसला. त्यातून थोडं लाल गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. हॉलिसने पंप बंद करून पुन्हा लावला. पुन्हा हवाच. त्याने पाइपचं तोंड उचलून आत पाहिलं, मग तो हळूच खाली ठेवला.

लोरेनाने जाऊन पंप बंद केला.

हॉलिस टाकीला टेकला. "निकाल," त्याने विचारलं, "सोमवारी म्हणालीस ना?"