चांगल्या गेमची खूण

हिंजवडीच्या ऑफिसात जेवण झालं की मॅनेजर अवधूतसर मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये अख्ख्या टीमला एकेक करून लोळवत. घरी मुलगा त्यांना हिंग लावून विचारत नसे, पण इथे आपली दहशत आहे, एवढ्या आनंदावर ते वाकडचा ट्रॅफिक रोज सोसत. "चांगल्या गेमची खूण एकच," ते सांगत, "हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळलं पाहिजे." टीम मनापासून मान डोलवी.

मग कंपनीने सरांना नारळ दिला. शेवटच्या दिवशी टीममधल्या सुखदाने त्यांना एकही ठोसा मारू न देता आडवं केलं.

"गेम बिघडला वाटतं," कंट्रोलर उलटसुलट करत सर म्हणाले.

"नाही सर, चांगला आहे. आम्ही का हरायचो, ते आम्हाला रोज कळायचं."