दोरी कोणी कापायची

सांझारच्या दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधून झाली होती, अंगणात पांढरे कापड अंथरून झाले होते, आणि दोरी कापायची कोणी यावर सारे अडून बसले होते. नुकतेच उभे राहू लागलेले पोर आईचे बोट धरून डुलत होते; त्याने पहिले पाऊल टाकण्याआधी ही दोरी कापायची रीत होती. दोरी कापणाऱ्याची चाल मुलाला लागते, हे त्या अंगणात कोणाला सांगावे लागत नव्हते.

"शोल्पान कापेल," सांझारची पणजी कुलाश आपा म्हणाली आणि तिने सुरी शोल्पानपुढे धरली.

सर्वांत मोठ्याने हसला तो आपाचा मुलगा ताल्गात, सांझारचा आजोबा आणि शोल्पानच्या थोरल्या बहिणीचा नवरा. "आई, अगं पोराला चालायचंय! आमच्या मेहुणीची मेट्रो किती वर्षं जागच्या जागी उभी आहे, विचार तिला. हिनं दोरी कापली तर सांझार रांगतच शाळेत जाईल."

"आणि शाळेच्या दारात मंजुरीची वाट बघत बसेल," समोवरपाशी चहा ओतणाऱ्या शेजारणीने भर घातली.

शोल्पानही हसली. कझाकस्तानातल्या अल्माटी शहराच्या मेट्रोचा पश्चिमेकडे वाढवायचा मार्ग तिच्याकडे होता, आणि त्याचा बोगदा निम्म्यावर येऊन थांबला होता. "दाजी, मंजुरीला नावं ठेवू नका. दोनदा आली ती. ती येईपर्यंत दर जुने होतात. दर नवे केले की मंजुरी जुनी होते. बँक म्हणते आधी मंत्रालयाचं पत्र दाखवा, मंत्रालय म्हणतं आधी बँकेचं."

"तेच तर म्हणतोय. माझ्याकडे ये. सकाळी ठरवायचं, दुपारी काँक्रीट ओतायचं."

हे मात्र थट्टेतले नव्हते. ताल्गातच्या बांधकाम कंपनीत मुख्य अभियंत्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती आणि आजच्या जेवणानंतर तिने उत्तर द्यायचे होते. बोगद्यातली तिची माणसे ती आहे म्हणून टिकून होती. ती गेली की ही माणसे खाणींतल्या कामांवर पांगणार, आणि उद्या पैसा आला तरी काम पुढे नेणारे कोणी उरणार नाही, हे तिला ठाऊक होते. तरीही घरून निघताना तिने होकार पक्का केला होता. तिला कामाचा शीण आला नव्हता. रोज कोणाला ना कोणाला उत्तर देण्याचा आला होता.

"आपा, दाजींनाच द्या सुरी," ती म्हणाली. "या घरातला चपळ माणूस तेच. लेकराचं भलं बघा."

सांझारच्या आईने, ताल्गातच्या लेकीने गुलझानने, सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच ओशाळून पोराचा सदरा उगाच झटकला.

आपाने सुरी मागे घेतली नाही. "ताल्गात चपळ आहेच, मीच वाढवलाय त्याला. लहानपणी जोडे एकीकडे नि हा एकीकडे. पण पळायला काय शिकवायचं? कुत्रं मागे लागलं की येतं आपोआप. मला याला उभं राहायला शिकवायचंय. इतकी वर्षं लोक हसतायत नि तू रोज सकाळी तिथंच जातेस. गुडघे दुखत नाहीत तुझे?"

"दुखतात, आपा."

"मग धर."

"घे बाई," ताल्गात बाजूला सरत म्हणाला. "आईला राजधानीत पाठवलं असतं तर केव्हाच पैसा सुटला असता."

शोल्पान गुडघ्यांवर बसली आणि एका झटक्यात तिने दोरी कापली. बायकांनी मुठी भरभरून गोड गोळ्या उधळल्या, पोरे त्यांवर तुटून पडली, "चल, चल" असा एकच गलका झाला. सांझार हलला नाही.

"निधी यायचा असेल," ताल्गात म्हणाला.

रीत अशी की कापणाऱ्याने मुलाचे दोन्ही हात धरून त्याला झपझप कापडाच्या टोकापर्यंत न्यायचे. शोल्पानने हात पुढे केले. त्याने ते धरले नाहीत.

"मावशी, ओढा ना जरा," गुलझान काकुळतीने म्हणाली.

"नको. तोल सावरतोय तो."

ती तशीच बसून राहिली, तळवे उघडे ठेवून. गलका ओसरला. गोळ्या वेचून संपल्या. आतून कोणीतरी मांस गार होतेय म्हणून हाक दिली, तरी ती हलली नाही. मग सांझारने एक पाय उचलला आणि कापडाबाहेर, गवतात टाकला. मग दुसरा. पाहुण्यांकडे पाठ करून तो फाटकाच्या दिशेने निघाला. त्याला स्पर्श न करता शोल्पान वाकून मागे चालू लागली.

"अरे, कापड इकडे आहे!" ताल्गात ओरडला, आणि दोन ढांगांत तिच्या शेजारी येऊन आवाज उतरवून म्हणाला, "सोमवारपासून येतेस ना?"

"नाही, दाजी."

त्याने तिच्या पावलाशी पाऊल जुळवत विचारले, "आणि पुढच्या वर्षीही पैसा आला नाही तर?"

सांझार फाटकाशी पोहोचला होता. गल्लीच्या टोकाला, मेट्रोच्या अर्धवट स्टेशनाभोवतीचे हिरवे पत्रे उन्हात चमकत होते. शोल्पानने तिकडे बोट केले.

"तर याला चालवत तिथं घेऊन या. मी असेनच."

सांझारने दोन्ही मुठींनी फाटकाचे गज धरून ते गदगदा हलवले. शोल्पानने कडी काढली.