बरोबर उत्तरं

सातवीच्या निवडक मुलांना पुढच्या वर्षीचं गणित आधीच शिकवायचं ठरलं. चाचणीत समता पहिली आली, पण गणिताच्या सरांनी तिची जागा आपल्या मुलाला, अथर्वला दिली. "तिच्या घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, तिला झेपणार नाही," असं सर तिच्या आजीला तोंडावर म्हणाले.

अथर्वला काही जमेना, आणि बापाला विचारायची छाती होईना. मग तो रोज संध्याकाळी समताकडेच गणितं घेऊन येऊ लागला. ती मुकाट्यानं सोडवून द्यायची, तो उतरवून न्यायचा. वर्गात सगळी बरोबर निघायची, आणि सर गावभर मुलाचं कौतुक सांगत फिरायचे.

एक दिवस आजी भडकलीच. "काऊन वं पोरी, तुही जागा खाल्ली त्यानं, अन् तू त्यालेच सोडवून देऊन राह्यली? एखादं तरी चुकीचं सांग न माय!"

पेन्सिलीला टोक काढता काढता समतानं वर पाहिलं.

"चुकीचं सांगतलं असतं, तर उद्या चिखलीहून शाळा तपासाले येणाऱ्या साहेबापुढं, साऱ्या शाळेदेखत, सर त्यालेच फळ्यावर गणित सोडवाले उभं करणार होते काय, आजी?"