भगवंतराव जेवत नाहीत

मढ्यांच्या गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट रद्दीत घालून तिथं कॉम्प्युटर क्लास लावणारा माणूस चोर आहे. भगवंतरावांनी हे वाचनालयाच्या कमिटीला तोंडावर सुनावलं होतं. "माझी शेवटची पानं राहिलीत, चोरांनो! देश खुला झाला म्हणता, अन् वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक हिसकावता?"

त्याच तावात छातीत कळ आली. मग रिक्षा, दवाखाना, धावपळ. तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं. शेवट कळल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही.

आज सगळे तारनाक्याहून जीप करून मुसी नदीकाठी आले होते. भगवंतराव जरा उंचावर, लिंबाच्या सावलीत बसले होते. खाली त्यांचं पान वाढलेलं. भात, दही, कडेला त्यांच्या जिवाची मिरची भजी.

"नाना, खा ना आता," त्यांचा मुलगा ओमकार म्हणाला. पोरगा भर उन्हात कंपनीची टोपी घालून उभा होता. "आपल्या धाकट्या रेणूला इंजिनिअरिंगला घालतो. शब्द देतो."

भगवंतराव हलले नाहीत.

"बरं, तारनाक्याचं घर विकत नाही. आईला अमेरिकेला चल म्हणत नाही. बस?"

रेल्वेतले जुने दोस्त केशवराव कातावले. "अरे हौल्या, खुळ्या भगवंता, पोरं उपाशी आहेत! तू खाल्ल्याशिवाय कुणाच्या पोटात घास जायचा नाही."

भगवंतरावांना साऱ्यांची माया आली. पण हट्ट तो हट्ट.

केशवरावांना मढ्यांच्या गोष्टींचा नाद भगवंतरावांनीच लावला होता. "भुतंबितं सोड," ते सांगायचे. "भूत लाजरं, त्याला अंधार लागतो. चालत्या मढ्यांची गोष्ट वाच. मढं भर उन्हात, आपल्या पायानं घरी येतं. आपलंच माणूस असतं ते." त्यांच्या पत्नी सावित्रीबाई कानांवर हात ठेवायच्या. "शी! जेवताना तरी नको हो."

त्याच सावित्रीबाई आता पुढं झाल्या. कुणाचं न ऐकता त्या इथवर आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी कव्हर फाटलेलं पुस्तक काढलं.

"अफझलगंजची सगळी रद्दी उपसली, तेव्हा मिळालं. घर नको, इंजिनिअर नको, यांना हे हवंय. मला ठाऊक नाही होय?"

चष्मा लावून, शेवटची पानं काढून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मढ्याची गोष्ट वाचायला घेतली.

"शिवरामचं मढं चालत चालत आपल्या गल्लीत आलं. गल्ली दारं लावून बसली होती. एकच दार उघडं होतं. आत बायकोनं दोन पाट मांडले होते. 'किती उशीर,' ती म्हणाली. 'हात धुऊन घ्या.'"

त्यांनी पुस्तक मिटलं. "संपलं. झालं समाधान?"

भगवंतराव लिंबाच्या फांदीवरून उडाले. काळे पंख आवरत पानाशी उतरले आणि दहाव्याच्या पिंडाला त्यांनी चोच लावली.

"शिवला! कावळा शिवला!" केशवराव ओरडले.

सावित्रीबाई मात्र कमरेवर हात ठेवून भगवंतरावांकडं बघत उभ्या राहिल्या. "शिवरामचं मढंसुद्धा घरी आलं. तुम्ही कधी येताय? बोला!"