नोंद आढळली नाही

“नाही ना?” शोभाताईंनी दारातूनच विचारलं.

हेमराजने पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. पडद्यावर कालचंच वाक्य आलं. नोंद आढळली नाही.

“नाही, काकू.”

“मंग छापून दे. म्हातारीले कागद लागते.”

कागद घडी करून त्यांनी पिशवीत टाकला आणि भाजीबाजाराकडे वळल्या. मोठं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, चाल ताठ. हेमराजला त्यांच्याकडे पाहवत नसे.

पवनीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सातबारा, परीक्षेचे अर्ज, कोणाचा फोटो, असली कामं. पण भंडाऱ्याच्या एका संस्थेसाठी त्याने हरवलेल्या माणसांची वेबसाइट बांधली होती आणि ती शेजारच्या राज्यातल्या बेवारस मृतदेहांच्या नोंदवहीला जोडली होती. इथून वय आणि अंगावरच्या खुणा पाठवायच्या, तिथल्या सर्व्हरवरून जुळणारी नोंद यायची. परवानगी मिळवायलाच सात महिने गेले. हा सगळा आटापिटा कोणासाठी, हे त्याने संस्थेला कधी सांगितलं नाही.

मधुकररावांसाठी. ते शोभाताईंचे यजमान, कोसा रेशमाचे विणकर. माग बंद पडला तसं त्यांचं डोकंही भरकटलं. तीन वर्षांपूर्वी “डोंगरगढले देवीले जाऊन येतो” म्हणून त्या शेजारच्या राज्यात जायला घरून निघाले, ते परत आलेच नाहीत. हेमराजचा बाप दारू पिऊन पडलेला असायचा तेव्हा सायकलच्या मागे धावत त्याला शिकवणारा हाच माणूस होता. निदान त्यांचं काय झालं ते तरी कळावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि रोज तेच वाक्य. जोडणीत खोट असेल म्हणून त्याने ओळख पटलेल्या पाच जुन्या नोंदी मागवून पाहिल्या. पाचही बिनचूक आल्या. म्हणजे जोडणी ठीक होती.

बुधवारी शोभाताई आल्या नाहीत. दुपारी कागद घेऊन तोच त्यांच्या घरी गेला.

शोभाताई तापाने आत झोपल्या होत्या. ओसरीवर मधुकररावांची आई, रत्नाबाई, भिंतीला टेकून बसली होती. नव्वदीला आलेली, डोळ्यांनी अधू. समोर ताट वाढलेलं, भात गार झालेला.

“कोण, हेमराज? आणलास का कागद?”

“आणला आजी. नोंद नाही.”

म्हातारीने कागद हाताने चाचपला, कपाळाला लावला आणि मग ताट ओढलं.

“जेवल्या नव्हत्या का तुम्ही?”

“त्याचं नाव मेलेल्याइत नाही, हे आयकल्याबिगर घास उतरत नाही बाबू. तो हाय म्हणून मी हाय.” दोन घास झाल्यावर ती आपणहून बोलू लागली. “मशीनले निशाणी बराबर सांगतलीस ना? उजव्या खांद्यावर जांभळाएवढा काळा डाग. जल्माचाच हाय. अन् डावा गुडघा मागाच्या खड्ड्यात पडून फाटला होता. सात वर्साचा होता तवा.”

शोभाताईंनी लिहून दिलं होतं ते वेगळंच. डाव्या दंडावर गोंदण, ओठाखाली तीळ. बाकी काही नाही.

बिचारीचं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठून असणार, असं त्याला वाटलं. नवरा हरवल्याच्या धक्क्यात माणूस काहीही लिहितो. आपण एकदा म्हातारीला विचारलं असतं तर! त्याला स्वतःचाच राग आला.

दुकानात येताच त्याने खुणा बदलून पाठवल्या. थोडा वेळ पडदा रिकामा राहिला. मग एक नोंद आली.

पुरुष, अंदाजे साठ. रेल्वे रुळाशेजारी सापडलेला. उजव्या खांद्यावर जन्मखूण, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण. तारीख मधुकरराव घरून निघाले त्यानंतर अकराव्या दिवसाची.

हेमराजने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तिथेच बसून रडला.

दुसऱ्या दिवशी शोभाताई अकराला हजर. चेहरा उतरलेला, पण कुंकू तेवढंच मोठं.

“नाही ना?”

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “आज तिकडचा सर्व्हर बंद हाय, काकू.”

“मंग कालचाच कागद छापून दे. तारीख तेवढी बदलव.” कागद घेताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “काहून रे, डोये काहून लाल झाले तुये?”

“झोप नाही झाली.”

“जागत नोको जाऊ बाबू. जे भेटाचं नाही ते भेटत नाही.”

त्या गेल्या. हे असं किती दिवस रेटायचं? त्याने मनाशी पक्कं केलं, आज संध्याकाळी घरी जाऊन सांगायचंच. पण नुसतं तोंडाने सांगून त्या मानणार नाहीत. पूर्ण नोंद हातात द्यायला हवी. त्याच्या वेबसाइटवर फक्त सहा रकाने दिसत. वाचणाऱ्याला जड जाऊ नये म्हणून बाकीचे त्यानेच लपवले होते. तिकडून आलेलं मूळ उत्तर त्याने पहिल्यांदाच उघडलं. तीसेक रकाने होते. ठाणे, पंचनामा, कपडे, शवविच्छेदन. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना, हिंदीत लिहिलेला. एक एक शब्द लावत त्याने तो वाचला.

‘भंडारा जिल्ह्यातून आलेल्या महिलेला प्रेत दाखवले. आपला पती नसल्याचे तिने लिहून दिले. तरीही बेवारस म्हणून अग्नी आपणच देऊ, अशी विनंती केली. ती मान्य केली. सही, शोभा मधुकर धकाते.’