रूने उठला

रूने पडला तेव्हा मैदानात हशा पिकला.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच वळणावर मोटारसायकलचं मागचं चाक निसटलं आणि रूने तांबड्या मातीवरून फरफटत जाऊन ट्रॅकच्या ऐन मध्यावर उताणा झाला. मनगटाला बांधलेली सुरक्षेची दोरी सुटली, तसं इंजिन आपोआप बंद पडलं. बाकीचे तिघं, त्याचा साथीदार आणि पाहुण्या संघाचे दोघं, धुरळा उडवत पुढे निघून गेले. पाहुण्या संघाच्या लोकांनी नेहमीची आरोळी ठोकली, "ऊठ रे मढ्या, ऊठ! कॉफी गार होतेय!"

स्वीडनमधल्या प्रत्येक मैदानावर ही आरोळी रूनेने चोवीस वर्षं ऐकली होती. तिला कारणही तसंच होतं. पडलेला गडी, बाकीचे फेरी मारून परत येईपर्यंत बाजूला झाला नाही, तर पंच लाल दिवे लावतो. मग शर्यत थांबते आणि त्या गड्याला वगळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपला साथीदार मागे पडला असेल, तर त्याला आयती दुसरी संधी मिळते. म्हणून रूने पडला की पडूनच राहायचा. कधीकधी एक पाय थरथरवायचा. ते त्याला फार छान जमायचं.

पण आज साथीदार मागे नव्हता. एकोणीस वर्षांचा मेल्कर, ज्याला अख्ख्या मोसमात एकदाही धड सुरुवात जमली नव्हती, तो आज सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर जाताच बाणासारखा सुटला होता आणि सगळ्यांच्या पुढे होता. मोसमातला शेवटचा सामना, सामन्यातली शेवटची शर्यत, संघ दोन गुणांनी पुढे. मेल्कर असाच पहिला राहिला, की सामना खिशात. शर्यत पुन्हा झाली, तर तो एकटा दोघांविरुद्ध, आणि सुरुवात त्याची नेहमीसारखी.

आणि या सामन्यानंतर रूने मोटारसायकलवर पुन्हा बसणार नव्हता.

एक फेरी म्हणजे सोळा सेकंद. त्यातले तीन हसण्यात गेले होते.

रूने उठला. म्हणजे उठायला गेला, तोच उजव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने आधी कुंपणावरच्या दिव्यांकडे पाहिलं. लाल दिवा नव्हता. पंच त्याला चांगला ओळखून होता. याचं नाटक चाललंय, उठेल आपणहून, म्हणून थांबला असणार. आपल्या बदनामीचे आभार मानावेत, असं रूनेला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात आतल्या हिरवळीवरून गुनवोर पिशवी घेऊन धावत आली. प्रथमोपचाराचं काम ती कित्येक वर्षं करत होती. तिने ट्रॅकवर पाऊल टाकलं की दिवे लागलेच.

"तिथेच थांब!" रूने ओरडला. "मला काही झालेलं नाही!"

गुनवोर ट्रॅकच्या आतल्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर थबकली. "काय म्हणालास?"

"काही झालं नाही म्हणतोय ना! पुढे येऊ नकोस!"

त्याने डाव्या हाताने हँडल धरलं आणि ओढायला सुरुवात केली. गाडी पाऊण क्विंटलची. वळणावर पाय घासत नेण्यासाठी डाव्या बुटाखाली लावलेला पोलादी तळ मातीवर सटकत होता. एक ढांग, दुसरी ढांग, मग गुडघ्यावर. हशा थांबला. पाहुण्यांच्या लोकांना आता कुठे गोम कळली, आणि त्यांनी सूर बदलला. "अरे झोप, रूने, झोप! दमलास रे बाबा!"

"ओढ!" दुसऱ्या बाजूने सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं.

मागच्या वळणावर इंजिनांचा आवाज चढला. रूनेने दात आवळले, उरलेला सगळा जोर एका हातात आणला आणि मागे रेललाच. पुढचं चाक पांढऱ्या रेषेच्या आत आलं. मग इंजिन. मग मागचं चाक आणि त्याच क्षणी मेल्कर मातीचा फवारा उडवत शेजारून गेला. त्याने वळूनही पाहिलं नाही. पडलेल्याकडे बघायचं नाही, पुढच्या वळणाकडे बघायचं, हे त्याला रूनेनेच शिकवलं होतं.

उरलेल्या दोन फेऱ्या रूनेने हिरवळीवर आडवं पडून पाहिल्या. गुनवोरने शेजारी गुडघे टेकले, त्याच्या खांद्याजवळच्या हासळीच्या हाडावर बोट ठेवलं आणि तो किंचाळला.

"मोडलंय," ती म्हणाली. "धडधाकट असताना चोवीस वर्षं मढ्यासारखा पडलास. आणि आज हाड मोडल्यावर गाडी ओढतोस?"

"मेल्कर कितवा आहे ते सांग."

"गप पड."

"गुनवोर!"

"पहिला आला," ती म्हणाली. "आता हलू नकोस."

मेल्कर गाडी तशीच टाकून हिरवळीवरून पळत आला. शिरस्त्राण काढायचंही भान नव्हतं त्याला. "माझी सुरुवात पाहिलीस?"

"पाहिली," रूने म्हणाला. "मागून अगदी स्पष्ट दिसली."

स्ट्रेचर पाहुण्यांच्या बाकांसमोरून निघालं. तिथे कोणी हसत नव्हतं, ओरडत नव्हतं. सगळे उभे होते. रूनेला ते बरं वाटेना. तो डाव्या कोपरावर जोर देऊन उठून बसू लागला, हात हलवायला, निदान एक पाय थरथरवून दाखवायला.

कुंपणाला टेकून उभी असलेली एक म्हातारी, हातात कॉफीचा थर्मास, चोवीस वर्षं सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी, त्याच्याकडे वाकली.

"झोप आता, रूने," ती हळूच म्हणाली.

आणि रूने झोपला.