एक तरी ठेव

“गोळ्या बंद कधी केल्या?” लष्करी इस्पितळातले डॉक्टर मेजर शिशिर यांनी विचारलं.

सुनेत्राला वाटलं, चला, निदान या एका प्रश्नाचं उत्तर तरी आपल्याकडे चांगलं आहे. मागच्याच आठवड्यात, ती म्हणाली. त्या पुड्यांचं तिला कळलं त्याच दिवशी. एकही गोळी शिल्लक ठेवली नाही, सगळ्या संडासात ओतल्या आणि वर पाणी सोडलं.

डॉक्टरांनी अतिदक्षता विभागाच्या बंद दाराकडे बघितलं. आत सुनेत्राच्या सासूबाई होत्या, कांचनताई. सकाळी चहाचा कप ठेवायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच कोसळल्या होत्या.

त्या वेळी सुनेत्रा चंडीमंदिर छावणीच्या सभागृहात अधिकाऱ्यांच्या बायकांसमोर उभी होती. विषय होता बिननोंदणीची औषधं. बोलायला बाई पहिल्यापासून पटाईत. पुडीवर कंपनीचं नाव हवं, परवान्याचा नंबर हवा, तारीख हवी. ‘नाव नाही, नंबर नाही, तर घरात नाही,’ हे वाक्य तिनंच जुळवलेलं, आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणूनही घेतलं. शेवटी घरचंच उदाहरण दिलं. सासूबाईंच्या गोळ्या आपण कशा फेकल्या ते हातवारे करून सांगितलं, तेव्हा हशा पिकला, टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच मोबाइल थरथरला, शेजारणीचा फोन होता. साडीला लावलेलं पाहुण्यांचं गुलाबाचं फूल अजून तसंच होतं.

गोळ्या तरी काय, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या काळ्या गोळ्या. ना नाव ना गाव. बागेत फिरायला येणाऱ्या बायकांनी मुल्लानपूरकडच्या कुणा वैद्याकडून आणून दिल्या होत्या. पण गुण आला हो. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई महिन्याभरात सुखना तलावाची पूर्ण चक्कर मारून आली, दिवाळीत जमिनीवर मांडी घालून तिनं करंज्या भरल्या. चेहरा भरला, गाल वर आले. साताऱ्याहून येणारा जो तो म्हणायचा, चंदीगडची हवा मानवली तुम्हाला. सुनेत्राही तेच म्हणायची.

“त्यात बहुतेक स्टिरॉइड होतं, मॅम,” डॉक्टर म्हणाले. गाल वर आले होते ते त्यानंच. रोज बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीर आपलं आपलं बनवायचं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम तोडलं की आत काहीच उरत नाही. रक्तदाब पडतो, साखर पडते, माणूस पडतो.

“मी विष म्हणून फेकलं,” सुनेत्रा म्हणाली.

“विषच होतं. बंद करायलाच हवं होतं. फक्त आधी आमच्याकडे आणून, हळूहळू.”

आतून नर्सनं हाक मारली आणि ते घाईनं गेले.

सुनेत्रा बाकावर बसली. हुशार होती, हाच तर घोळ झाला. अडाणी असती तर फेकायच्या आधी कुणाला तरी विचारलं असतं. त्या दिवशी आई संडासाच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. एक तरी ठेव गं, म्हणाल्या होत्या, उद्या सकाळी उठायपुरती. सुनेत्रानं ठेवली नाही. मग आईंना जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, बसल्या जागी डोळे मिटायला लागले. तेव्हा हिनं त्यांना लिंबाचं सरबत दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की अंगातली घाण निघतेय, दोन दिवस कळ काढा. त्या माऊलीनं काढली. सून शिकलेली आहे, खोटं कशाला सांगेल, असं शेजारणीला म्हणाल्यासुद्धा होत्या.

दार उघडलं. डॉक्टर या वेळी सावकाश चालत आले आणि तिच्या शेजारी बसले.

“वहिनी,” ते म्हणाले. पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. नवऱ्याला, श्रीनिवासला, कळवायला हवं होतं. तो सीमेवर होता आणि आईशी रोज संध्याकाळी बोलायचा. तिनं पर्समधून मोबाइल काढला. सभागृहात बंद केलेला आवाज तसाच बंद होता, पण पडदा निरोपांनी भरला होता. बायकांच्या ग्रुपवर फोटो येत होते. कचऱ्याच्या डब्यातल्या पुड्या. बेसिनमध्ये ओतलेलं काळं चूर्ण. कुणी अंगठा दाखवत होतं, कुणी हात जोडत होतं. मॅम, हमने भी सब फेंक दिया. मॅम, मम्मीजी बहुत नाराज हैं, पर आपने सही कहा. तिचं ते जुळवलेलं वाक्य प्रत्येकीनं खाली लिहिलं होतं.

श्रीनिवासचा नंबर तसाच राहिला. तिनं सगळ्यांत वरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि तो पाठवणारीला फोन लावला. तो लीनाचा होता, नागपूरची मुलगी, नुकतीच नवऱ्याबरोबर इथं बदलून आलेली. पहिल्याच रिंगला तिनं फोन उचलला.

“मॅम, टाकून दिल्या बघा सगळ्या,” लीना आनंदानं म्हणाली. तिच्या सासूबाई रडत होत्या, एक तरी ठेव म्हणत मागं लागल्या होत्या. “मी मुळीच ऐकलं नाही. अगदी तुमच्यासारखं.”

सुनेत्रा बाकावरून उठून बाहेरच्या दाराकडे निघाली.

“लीना, त्यांना गाडीत बसव,” ती म्हणाली. “आत्ता. हॉस्पिटलच्या दारात मी उभी आहे.”